व्हीटीसीतले दोन आठवडे: रूफ बोल्टिंगवाल्याचा अभिप्राय

माझं रिफ्रेशर ट्रेनिंग गेल्या महिन्यात झालं. नागपूर जिल्ह्यातल्या अंडरग्राउंड कोळसा खाणींतली माणसं जिथं जातात, त्या एका व्हीटीसीबद्दल, म्हणजे व्होकेशनल ट्रेनिंग सेंटरबद्दल हे लिहितो आहे. केंद्राचं नाव लिहीत नाही. खाली कौतुक जास्त आहे, पण तक्रारीही आहेत, आणि तिथं शिकवणाऱ्या माणसांना त्याचा त्रास व्हावा असं मला वाटत नाही. ज्यांना तिथं जायचं आहे त्यांना नाव ठाऊकच असतं, कारण पत्र तिथूनच येतं.

मी रूफ बोल्टिंगच्या गँगमध्ये आहे. ब्लास्टिंग झालं, धूर गेला, की फेसवर, म्हणजे कोळसा काढतात त्या भिंतीपाशी, सगळ्यांत आधी जाणाऱ्यांत आम्ही असतो. छताला भोक पाडायचं, त्यात सिमेंटच्या नाहीतर रेझिनच्या कॅप्सूल सारायच्या, दीड-पावणेदोन मीटरचा बोल्ट चढवायचा, प्लेट आवळायची. बोल्ट बसेपर्यंत त्या छताला आमच्यात ग्रीन रूफ म्हणतात. म्हणजे वर दगड आहे आणि त्याला अजून कुणी धरलेलं नाही. त्यामुळे छताविषयी कुणी शिकवत असेल तर मी कान देऊन ऐकतो.

ट्रेनिंगची माझी ही चौथी खेप. पहिली २००९ साली, तेव्हा मी एका ठेकेदाराकडे ओपनकास्टवर (उघड्या खाणीवर) हेल्पर होतो. त्या ठिकाणी दोन दिवस बसवलं, फोटो काढला, अंगठा घेतला आणि तिसऱ्या दिवशी हातात पूर्ण ट्रेनिंगचं प्रमाणपत्र दिलं. त्या दोन दिवसांचा रोजही कापला. मी तेव्हा खूश झालो होतो, कारण लवकर कामावर लागलो. आज तो कागद हातात घेतला की पोटात गोळा येतो. ब्लास्टिंगच्या वेळी किती लांब उभं राहायचं, हे मला त्या कागदानं नाही, एका वयस्कर शॉटफायररनं (सुरुंग उडवणाऱ्यानं) शर्टाची कॉलर धरून मागं ओढून शिकवलं. २०१५ साली जमिनीच्या बदल्यात कायम नोकरी लागली, तेव्हा अंडरग्राउंडचं बेसिक झालं. मग करोनाच्या काळात खुर्च्या लांब लांब ठेवून पहिलं रिफ्रेशर उरकलं. नियमाप्रमाणे दर पाच वर्षांनी हे करावंच लागतं. १९६६ पासून खाणींसाठी व्होकेशनल ट्रेनिंगचे वेगळे नियम आहेत, त्यात ते लिहिलेलं आहे. आता हे दुसरं रिफ्रेशर. चारही खेपांत पहिल्यांदाच असं वाटलं की मला खरंच कुणीतरी शिकवलं.

आधी सोयीचं सांगून टाकतो. सकाळी साडेआठला हजेरी. वर्ग मोठा, पंखे चालू, कूलर दोन, पैकी एक बंद. पिण्याचं पाणी थंड. चहा दोनदा, जेवणाचा डबा आपला आपण न्यायचा. भिंतीवर पोस्टर जुने आहेत, कडा पिवळ्या पडल्यात, पण मजकूर अजून लागू आहे. संडास स्वच्छ होता, हे मुद्दाम लिहितो.

आता खरं काय ते.

शिकवणारे तिघं. त्यातले एक निवृत्त ओव्हरमॅन (खाणीत पाळीवर देखरेख करणारे), साठीच्या पुढचे, कामठीकडचे. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांच्या उजव्या हाताचं करंगळीजवळचं एक पेर नाही. कसं गेलं ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. हॉलेजच्या, म्हणजे कोळशाचे टब ओढणाऱ्या यंत्राच्या, दोरीवर टब अडकला होता आणि दोरी थांबायच्या आधी यांनी हात घातला. सिग्नलचा एक ठोका म्हणजे थांब, हे तेव्हाही त्यांना पाठ होतं. ते म्हणाले, "ठोका माहीत होता रे बाबू, पण ठोका देणाराही मीच अन् हात घालणाराही मीच. दोन कामं एका माणसानं करू नोको." आमच्यातले हॉलेजवाले त्यावर बराच वेळ आपसांत बोलत होते, कारण कमी माणसांत काम चाललेलं असलं की हेच होतं.

मामांनी सगळ्यांत जास्त वेळ सेल्फ रेस्क्यूअरला दिला, म्हणजे धुरात, विषारी वायूत श्वास घेता यावा म्हणून जो डबा असतो त्याला. जवळजवळ दोन दिवस. या ट्रेनिंगचा सगळ्यांत मोठा गुण मी हाच धरतो.

सेल्फ रेस्क्यूअर आम्ही रोज कमरेला बांधून उतरतो. लॅम्प रूममधून कॅप लॅम्प घ्यायचा, सेल्फ रेस्क्यूअर घ्यायचा, टोकन लावायचं. वर्षानुवर्षं बांधतो आणि वर्षानुवर्षं तसाच परत देतो. त्याचं सील कधी तोडलेलं नसतं, तोडायची वेळ येऊही नये. पण त्यामुळेच तो उघडायचा कसा, हे हाताला ठाऊक नसतं. मामांनी विचारलं, "किती जणांना लावता येतो?" वर्गातल्या चोवीस जणांनी हात वर केले. मग त्यांनी सरावाचा डबा एकेकाच्या हातात दिला आणि मोबाईलवर वेळ लावली. मला पहिल्या खेपेला एक मिनिट अठरा सेकंद लागले. नाकाची क्लिप हातातून सुटली, हेल्मेट खाली पडलं, लॅम्पची वायर पट्ट्यात अडकली. एक मिनिट अठरा सेकंद धुरात म्हणजे काय, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग त्यांनी क्रम बसवला. गुडघ्यावर बसा. श्वास रोखा. हेल्मेट काढून दोन गुडघ्यांत धरा, लॅम्प वर तोंड करून, म्हणजे उजेड हातावर पडतो आणि वायर मध्ये येत नाही. झाकण उघडून आतलं यंत्र घ्या, बाहेरचा डबा फेका. माउथपीस आधी तोंडात, दातांनी धरा, ओठ मिटा. मग नाकाला क्लिप. मग डोक्याचा पट्टा. मग हेल्मेट. हे डोळे उघडे ठेवून पाचदा, मग डोळ्यांवर रुमाल बांधून पाचदा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी मी बावीस सेकंदांवर आलो. आमच्या वर्गातला सगळ्यांत वेगवान एक पंप खलाशी निघाला, सतरा सेकंद.

पुढं त्यांनी जे सांगितलं ते मला दहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडच्या फिल्टरवाल्या डब्यात हॉपकॅलाइट नावाचं मिश्रण असतं, मँगनीजच्या आणि तांब्याच्या ऑक्साइडचं. मँगनीज म्हणजे आपल्या गुमगाव, मनसर, कांद्रीच्या खाणींतून निघतं तेच खनिज. हे मिश्रण विषारी कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतं आणि ते करताना तापतं. हवेत विष जितकं जास्त, तितका श्वास गरम. तोंड भाजल्यासारखं होतं, घसा कोरडा पडतो, आणि घाबरलेल्या माणसाला वाटतं की डबा बिघडला. तो माउथपीस थुंकून टाकतो. मामा म्हणाले, "गरम लागला म्हणजे डबा काम करून राह्यला. गरम लागला म्हणून काढला, तर बाहेर जे आहे ते थंड लागते, अन् तेच मारते." कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. बाहेरची हवा तोंडाला गार लागते, म्हणून माणसाला ती बरी वाटते. वर्गात कुणी हललं नाही त्या वेळी.

आणखी एक गोष्ट. फिल्टरवाला डबा हवा गाळतो, ऑक्सिजन बनवत नाही. जिथं ऑक्सिजनच उरलेला नाही, बंद गोफच्या (कोळसा काढून सोडलेल्या जागेच्या) जवळ किंवा खूप दिवस पंखा न पोचलेल्या गॅलरीत, तिथं तो उपयोगाचा नाही. त्यासाठी रसायनातून ऑक्सिजन देणारा दुसरा प्रकार असतो. आपल्या कमरेला कोणता आहे हे माहीत हवं. वर्गात निम्म्यांना माहीत नव्हतं. डबा घेताना सील पाहा, पोचा आलाय का पाहा, कानाजवळ हलवून आत खडखड होते का ऐका. ओल आत गेली तर मिश्रण निकामी होतं, म्हणूनच लॅम्प रूमवाले तो डबा मधूनमधून तोलतात, वजन वाढलं तर बाजूला काढतात. मी इतकी वर्षं समजत होतो की ते नुसता हिशेब ठेवायला तोलतात.

खर्ऱ्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचं, इथंच लिहितो. आपल्याकडे खाणीच्या तोंडाशी बिडी, माचिस, लायटरची झडती होते, ती व्हायलाच हवी, कारण मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्क्यांच्या मध्ये असला की ठिणगी पुरते. पण खर्रा कुणी काढून घेत नाही. अर्धी गँग गालात खर्रा धरून उतरते. मामांनी एका पोराला तसंच डबा लावायला सांगितलं. गालात गोळी, माउथपीस नीट बसेना, ओठ मिटेनात, लाळ गळायला लागली. त्याला एक मिनिट चाळीस सेकंद लागले आणि शेवटी ठसका आला. मामा त्याला रागावले नाहीत. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बेटा, खाली उतरतानी तोंड मोकळं ठेव." तो पोरगा माझ्याच खाणीतला आहे. तेव्हापासून तो पुडी लॅम्प रूमच्या बाहेर ठेवून उतरतो. मी स्वतः पाच वर्षांपूर्वी सोडला, माझ्या मोठ्या भावाच्या जबड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा.

छताचं प्रात्यक्षिक दोन भागांत झालं. केंद्राच्या मागच्या अंगणात लाकडी ठोकळे आणि लोखंडी आर्चची एक नकली गॅलरी उभी केली आहे. तिथं कॉग (लाकडी ठोकळ्यांचा आधार) कसा रचायचा, प्रॉप (उभा खांब) कसा ताठ बसवायचा, वरची पाचर कुठून ठोकायची हे करून घेतलं. हे नव्यांसाठी चांगलं आहे, आम्हाला रोजचंच. दुसरा भाग खऱ्या खाणीत, एका सकाळी. तिथं छत वाजवून पाहायला लावलं. सगळेच वाजवतात, सब्बलीनं वर ठोकायचं आणि ऐकायचं. घट्ट छत टणटण वाजतं, सुटलेलं ढबढब वाजतं. पण ड्रिल चालू असताना, पंख्याचा आवाज असताना, कानाचा काय भरवसा? तिथं त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं छताला टेकवून ठोकायला लावलं. पोकळ असेल तर बोटांना थरथर कळते. माझ्या गँगमधला एक जण, ज्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, तो पहिल्यांदाच खात्रीनं म्हणाला, "इथं सुटलं आहे." तिथं ड्रेसिंग केलं, म्हणजे सुटलेला दगड पाडला, तेव्हा परातीएवढी चकती खाली आली.

टेलटेलही दाखवले. छतात बसवलेली ही नळी, तिच्यावरचे रंगाचे पट्टे झाकले जायला लागले की वरचे थर सरकताहेत असं समजायचं. आमच्या खाणीत हे लागलेले आहेत, पण त्यांच्याकडे पाहायचं काम फक्त ओव्हरमॅन आणि माइनिंग सरदाराचं, असं आम्ही धरून चालत होतो. जो त्याखाली आठ तास उभा राहतो त्यानंही पाहावं, हे मला पटलं. आता मी आत जाताना आणि बाहेर येताना नजर टाकतोच.

पाण्याच्या धड्याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

त्या दिवशी मामांनी फळ्यावर तारीख लिहिली. १८ नोव्हेंबर १९७५. विचारलं, काय झालं होतं? कुणालाच ठाऊक नाही. मग दुसरी तारीख लिहिली, २७ डिसेंबर १९७५. चासनाला, असं तीन-चार जण एकदम बोलले. झारखंडातली ती खाण, तेव्हाचा बिहार, जुन्या कामातलं पाणी फुटलं आणि ३७५ माणसं गेली. सगळ्या देशाला ठाऊक आहे. मग मामा पहिल्या तारखेवर आले. त्याच्या बरोबर ३९ दिवस आधी आपल्या सिल्लेवाड्याच्या खाणीत पाणी शिरलं होतं आणि १० माणसं गेली होती. आपल्या. ज्या सिल्लेवाड्यावरून माझी बस रोज जाते. मी त्याच भागात वाढलो, माझे काका खाणीत होते, आणि मला ही तारीख ठाऊक नव्हती. चासनाल्याचा आकडा इतका मोठा होता की त्याखाली आमचे दहा झाकले गेले. मामा पुढं छिंदवाड्याकडच्या पेंचच्या न्यूटन चिखली खाणीवर आले, १९५४ चा डिसेंबर, तिथंही पाणीच, ६३ माणसं. वर्गात छिंदवाड्याकडचे दोघं होते, त्यातल्या एकानं हळूच सांगितलं की त्याच्या आजीच्या तोंडून त्यानं हे ऐकलं होतं.

ही यादी नुसती ऐकवून ते थांबले नाहीत, म्हणून हा धडा मला मोलाचा वाटतो. फळ्यावर त्यांनी खडूनं नकाशा काढला. इथं चालू काम, इथं बंद पडलेलं जुनं काम, त्यात वर्षानुवर्षं साठलेलं पाणी, मध्ये कोळशाची भिंत. जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत जायचं तर परवानगी लागते आणि पुढं बोर मारत मारत जावं लागतं, की पाणी असेल तर ते आधी बोटाएवढ्या भोकातून कळावं. मग विचारलं, नकाशा चुकीचा असेल तर? जुने नकाशे चुकतात, हे आम्हालाही माहीत आहे. अशा वेळी कामगाराला काय दिसतं, तेच त्यांनी शिकवलं. कोळसा घामेजलेला दिसायला लागतो. कोरड्या फेसवर एका जागी थेंब धरतो. गॅलरीत एकाएकी गारवा जाणवतो. सडक्या अंड्यासारखा कुबट वास येतो. फटीतून सूं सूं आवाज येतो. पाण्याला गंजाचा रंग असतो. यातलं काहीही दिसलं तर ड्रिल बाहेर न ओढता तिथंच सोडायचं, माणसं मागं घ्यायची, सरदाराला सांगायचं. बोल्टिंगसाठी वर मारलेल्या भोकातून पाणी जोरात आलं तरी हेच. आणि पळायची वेळ आली तर राइजकडे पळायचं, चढाकडे. बाहेरचा रस्ता डीपमधून, म्हणजे उताराकडून, जात असला तरी आधी चढ.

त्यानंतर महावीर कोलियरीची गोष्ट आली. १९८९ चा नोव्हेंबर, बंगालातलं राणीगंज. पाणी भरलं, सहा माणसं गेली, आणि जे आत अडकले त्यांच्यासाठी वरून मोठं भोक पाडून त्यातून लोखंडी कॅप्सूल सोडली. जसवंतसिंग गिल नावाचे अधिकारी स्वतः त्या कॅप्सूलमध्ये बसून खाली गेले आणि एकेक करून ६५ माणसं वर आली. हे ऐकताना वर्गाच्या मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. मीही.

प्रथमोपचार चांगला झाला, पण एक गोष्ट विशेष. स्ट्रेचरवर खरा माणूस झोपवून, बांधून, चढाच्या रस्त्यानं न्यायला लावलं. आमच्या गँगमधला सगळ्यांत जाड माणूस निवडला, ब्याऐंशी किलो. चौघांनी उचललं. दोनशे पावलांत हात भरून आले, पट्टे नीट नसल्यानं तो एका बाजूला घसरला. आतून बाहेर यायचा आमच्या खाणीतला रस्ता दोन किलोमीटरच्या वर आहे. आठ माणसं लागतात, चार-चारच्या पाळीनं. हे मी आमच्या सेफ्टी कमिटीच्या बैठकीत मांडलं आहे, कारण रात्रपाळीत आमच्या डिस्ट्रिक्टला (खाणीतल्या आमच्या कामाच्या भागाला) कधी कधी आठ माणसंच नसतात.

आता तक्रारी.

आरोग्याचा भाग फार कमी पडला, आणि याचं मला मनापासून दुःख आहे. एक डॉक्टर आले, दीड तास बोलले. स्लाइड इंग्रजीत, बोलणं घाईचं. त्यांनी कोळशाच्या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराबद्दल सांगितलं, पण दगडाच्या धुळीबद्दल एक शब्द नाही. मी कोळसा कापत नाही, मी छतात भोक पाडतो. आमच्या भागात कोळशावर बहुतेक ठिकाणी वाळूचा खडक असतो. त्यात सिलिका असते. ती बारीक धूळ फुफ्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही, आणि त्या फुफ्फुसाला टीबीही लवकर धरतो. कायद्याखाली हा आजार कळवावाच लागणाऱ्या आजारांपैकी आहे. म्हणजे बोल्टिंगवाल्याला सांगायला हवं की पाणी चालू केल्याशिवाय ड्रिल लावू नको, पाण्याची नळी फुटली असेल तर काम थांबव, वर पाहताना तोंड उघडं ठेवू नको, मास्कचा फिल्टर बदलून माग. हे कुणी सांगितलं नाही. शेवटी मी उठून विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, चांगला प्रश्न आहे, आणि घड्याळ पाहिलं.

पीएमईचंही तसंच. दर काही वर्षांनी आपली तपासणी होते, छातीचा एक्स-रे, फुंकर मारायची चाचणी, कानाची चाचणी. त्या कागदावर काय लिहिलं आहे ते वाचायचं कसं, मागच्या खेपेपेक्षा आकडा घसरला तर कुणाला विचारायचं, हे दोन तासांत सहज शिकवता येईल. माझ्या गँगमधल्या ज्या माणसाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं त्याला ते दोन तपासण्यांपूर्वीच कागदावर आलं होतं. त्यानं कागद देवघराच्या फळीवर ठेवला होता. ड्रिलच्या आवाजात रोज उभा राहणारा माणूस आहे तो. इअरप्लग मागितले तर मिळतात, पण मागायचे कशासाठी हे कळलं तर माणूस मागेल.

भाषेचं. स्लाइड काही हिंदी, काही इंग्रजी. मामा आपल्या नागपुरी मराठीत आणि हिंदीत सरमिसळ बोलतात, ते सगळ्यांना कळतं. बाकी दोघांपैकी एक जण नियमांची कलमं वाचून दाखवत होते. मिथेन सव्वा टक्क्यावर गेला की माणसं मागं घ्यायची, हे वाक्य त्यांनी असं वाचलं की पुढच्या बाकावरच्या तेलंगणाच्या दोघांना ते आकड्याचं काहीतरी आहे एवढंच समजलं. मधल्या सुटीत आम्ही त्यांना मीटर दाखवून समजावलं. आणि मिथेन हलका, छताला चिकटून राहतो, म्हणजे मीटर छाती-कमरेला नाही तर वर धरायचा, हेही. उलट काळी हवा (ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली) जड, ती खाली खड्ड्यात बसते. पाच मिनिटांचं काम होतं, पण शिकवणाऱ्यानं केलं नाही.

सगळ्यांत मोठी तक्रार ठेकेदारी कामगारांची. आमच्या बॅचमध्ये अशी नऊ पोरं होती, वीस-बावीस वर्षांची. पहिल्या दिवशी नऊ, चौथ्या दिवशी पाच, दुसऱ्या आठवड्यात दोन. केंद्रानं हाकललं नाही, हे स्पष्ट लिहितो. मामांनी तर रोज त्यांची नावं पुकारली. ठेकेदाराचा माणूस येऊन त्यांना कामावर घेऊन जात होता आणि इथल्या दिवसांची हजेरी मिळणार नाही असं सांगत होता. ज्याला घरी रोजच्या रोज पैसा द्यायचा आहे तो जाणारच. मीही २००९ मध्ये गेलोच होतो. पण बोल्टिंगमध्ये आता अशीच पोरं जास्त येताहेत. ग्रीन रूफखाली सगळ्यांत आधी तीच जातात. डबा लावायला ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी नवातली सहा वर्गात होती, छताच्या दिवशी तीन, पाण्याच्या दिवशी दोन. केंद्राला माझी विनंती आहे की ज्यांचे दिवस बुडाले त्यांना पुढच्या बॅचमध्ये बसवल्याशिवाय कागद देऊ नका. आणि ठेकेदारांना विनंती की त्या दिवसांचा रोज द्या.

पाचपैकी मी चार देतो. सेल्फ रेस्क्यूअर, छत आणि पाणी यांसाठी पाच दिले असते. आरोग्यासाठी दीडच्या वर देता येत नाही.

जाणाऱ्यांसाठी: स्वतःचे बूट घालून जा, प्रात्यक्षिकाला तिथले मापाचे मिळत नाहीत. मागच्या पीएमईचा कागद घेऊन जा आणि डॉक्टर आले की उठून विचारा, ते सांगतात. डबा लावायची पाळी एकदाच येते असं समजून बसू नका, मामांना म्हटलं तर जेवणाच्या सुटीतही देतात. मी घरी जुन्या टिफिनला दोरी बांधून सराव करतो, माझी मुलगी वेळ मोजते.

आणि त्या नऊ पोरांपैकी एक, खापरखेड्याचा, ज्याचे सहा दिवस बुडाले होते, त्याच्या बापाला मी रविवारी जाऊन भेटलो. सोमवारच्या बॅचला तो पुन्हा बसला आहे. काल संध्याकाळी फोन आला होता. म्हणाला, "काका, एकतीस सेकंद."